हात लावला तरी थंड

आनंदराव कर्णिकांना डॉक्टरांनी बायपास सांगितली त्याला पंधरा दिवस होत आले होते आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी लपवलं असं मात्र कोणी म्हणू नये. ते सांगायला निघायचे आणि दर वेळी कोणीतरी मध्ये बोलायचं. डोंबिवलीजवळ कोपरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात माणसं चार, त्यातली तीन बोलणारी. ऐकण्याचं काम आनंदरावांकडे होतं. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून निवृत्त झालेला माणूस, त्याला ते जडही जात नव्हतं.

बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. गेले दोन महिने आनंदराव दुसऱ्या मजल्यावर थांबून सोसायटीची नोटीस वाचत उभे राहायचे. नोटीस मागच्या वर्षीच्या टाकी धुण्याची होती. ती त्यांना स्वल्पविरामासकट पाठ झाली होती, पण छातीवरचं दडपण उतरेपर्यंत दुसरं वाचायला तिथे काही नव्हतं. येणारे-जाणारे म्हणायचे, कर्णिककाका सोसायटीच्या कामात फार लक्ष घालतात.

शेवटी ऑफिसातले जुने मित्र सुधीर त्यांना धरून ठाण्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. घरी सांगितलं, निवृत्तांचा मेळावा आहे. अँजिओग्राफीच्या कागदावर नात्याच्या रकान्यात सुधीरनी बेधडक ‘भाऊ’ असं लिहून सही ठोकली. तीन नळ्या चोंदलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी दाखल व्हा, त्यापुढे उशीर नको, आणि या वेळी असला भाऊ चालणार नाही. त्याआधीच्या सोमवारी मुलाला घेऊन या, त्याची सही लागेल.

आता मुलाला सांगणं एवढंच उरलं होतं. तीस वर्षं एका घरात राहिलेल्या मुलाला सांगायला किती वेळ लागतो? पण तो मोकळा सापडायला हवा ना.

या मुलाकडे, साकेतकडे, दोन वर्षांपासून टर्बो गाडी होती, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा बसवलेली. तिच्या मागच्या दारावर लाल अक्षरांत ‘टर्बो’ असं लिहिलं होतं, म्हणजे सिग्नलला मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला गैरसमज नको. कोपर ते वागळे इस्टेटमधलं ऑफिस हा प्रवास ती गाडी बहुतेक दिवस बैलगाडीच्या वेगाने करायची. पण साकेतला वेगाचं काही नव्हतं, ताकदीचं होतं. दर रविवारी तो पार्किंगमध्ये बॉनेट उघडून टॉर्च घेऊन आत वाकायचा आणि एकेक नळी चाचपायचा. इंजिनाचा आवाज जरासा बदलला तर त्याला जेवण गोड लागत नसे. बाप जिना चढताना कसा आवाज करतो, हे त्याला सांगता आलं नसतं. इथे मला साकेतचा राग येतो, पण मुलगा वाईट नाही, हेही सांगून ठेवतो.

गुरुवारी सगळे जेवायला बसले होते. आनंदरावांनी मनाशी वाक्य जुळवलं, पाणी प्यायले आणि तोंड उघडणार तोच साकेत म्हणाला, “बायपास करून टाकायची म्हणतोय.”

आनंदरावांचा घास हातातच राहिला.

“तुला कोणी सांगितलं?”

“यूट्यूबवर बघितलं.”

“यूट्यूबवर आलंय?”

“कधीचंच. अकरा लाख लोकांनी बघितलंय, बाबा.”

आनंदरावांना सुधीरचा असा काही राग आला की विचारू नका. एक सही काय करायला दिली, गावभर केलं!

“टेन्शनचं काही नाहीये,” साकेत पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. “दोन तासांचं काम आहे. करणारा माणूसपण शोधलाय. वागळेमध्ये.”

“वागळे इस्टेटमध्ये कुठलं हॉस्पिटल?”

“हॉस्पिटल? गॅरेज, बाबा.”

मग उलगडा झाला. इंजिनात हवा सोडणारी एक झडप असते, तिला म्हणायचं थ्रॉटल बॉडी. इंजिनातलं गरम पाणी, म्हणजे कूलंट, दोन बारीक नळ्यांतून त्या झडपेभोवती फिरवून आणलेलं असतं. कशाला? तर बर्फाळ मुलुखात झडप गोठून अडकू नये म्हणून. आता डोंबिवलीत बर्फ कुठला? म्हणजे आत जाणारी हवा उगाच तापते आणि ताकद फुकट जाते. त्या दोन नळ्या काढायच्या, पाणी बाहेरच्या बाहेर वळवायचं, झाली बायपास.

“किती ताकद वाढते?” वल्लरीने, म्हणजे साकेतच्या बायकोने, विचारलं.

“तीन हॉर्सपॉवर. काही लोक पाच म्हणतात.”

“तीन घोडे,” वल्लरी म्हणाली. “मग कोपरच्या फाटकापाशी त्यांना उभं कुठे करणार?”

“त्यापेक्षा आपला फ्रीज दाखव त्या माणसाला,” साकेतची आई, सरोजताई, म्हणाल्या. “त्यात बर्फ धरत नाहीये.”

बोलणं फ्रीजवर गेलं, तिथून दुरुस्तीवाल्यावर, तिथून दुरुस्तीवाल्याच्या मेव्हण्यावर. आनंदरावांचं जुळवलेलं वाक्य आमटीबरोबर पोटात गेलं. घरात हा शब्द गाडीने आधीच पळवला होता, आता तो आपल्यासाठी कसा वापरायचा? त्यांनी ठरवलं, रविवारी गाडीत सांगायचं. गाडीत दोघंच असतील.

“मीपण येतो रे तुझ्याबरोबर गॅरेजला,” ते म्हणाले. साकेतला इतका आनंद झाला की आनंदरावांना चोरट्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी दोघं निघाले. मोठागावहून माणकोलीचा पूल लागला आणि साकेतने गाडी मोकळी सोडली. त्या टर्बोच्या आयुष्यातली हीच काय ती दोन मिनिटं. खाली खाडी, वर स्वच्छ आकाश, आणि आनंदरावांची पाठ सीटला चिकटलेली. आता बोलायला हवं होतं.

“साकेत, बायपासबद्दल तुझ्याशी बोलायचं होतं.”

“मी तेच बघतोय, बाबा. जाम आहे.”

“तीन ठिकाणी आहे,” आनंदराव म्हणाले. त्यांना वाटलं, पोराला कळलंच असावं.

“तीन? मॅपवर दोनच दाखवतंय. थांबा, मग बायपासला लागायलाच नको, आतून घेतो.” आणि त्याने भिवंडी बायपासच्या ट्रकांची रांग टाळायला स्टिअरिंग वळवलं. पुढची वीस मिनिटं तो गोदामांच्या गल्ल्यांमधून वाट काढत रस्त्याच्या ठेकेदारांवर बोलला. आनंदराव हूं हूं करत राहिले.

नाथाचं गॅरेज वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये होतं. नाथा ठाण्याच्या कोपरीतल्या जुन्या कोळी घरातला, पंचेचाळिशीचा, आडव्या बांध्याचा. बापाची होडी होती, पण खाडीतली मासळी गेली आणि नाथा इंजिनांकडे वळला. त्याने बॉनेट उघडलं, साकेतचं अकरा लाखवालं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोपरला बरफ परतं काय रं?”

“तेच तर! पडत नाही म्हणून तर काढायच्या.”

“नाय परत ना? मंग ऱ्हाऊ दे का जाऊ दे, गारीला काय फरक नाय. तुज्या जिवाला थंडावा भेटंल येवरंच. करून देतो.”

“आणि टर्बोला जातात त्या दोन नळ्या? त्यापण उडवू या ना.”

नाथाने हातातला पाना त्याच्यासमोर धरला. “त्यांना हात लावाचा नाय. त्या नल्या टर्बोला जित्ती ठेवतान. कंची नली बिनकामाची नि कंची जित्ती ठेवनारी, आदी बघाचा, मंगच हात घालाचा.”

आनंदरावांना तो माणूस एकदम आवडला. बत्तीस वर्षं नळजोडण्यांत घालवलेल्या माणसाला अक्कल असलेला प्लंबर लांबून ओळखू येतो.

इंजिन गरम होतं. ते निवेपर्यंत नळी सोडायची नाही, उकळतं कूलंट अंगावर उडेल, असं नाथाने बजावलं. तासभर थांबणं आलं. शेजारच्या शेडमध्ये कोणाचीतरी दुसरी टर्बो आली होती. साकेत ती बघायला गेला तो तिकडचाच झाला. आनंदराव एका जुन्या टायरवर बसले. नाथाने भिंतीवरचा पंखा त्यांच्याकडे वळवला आणि तो दुसऱ्या एका चाकाशी बसून काम करू लागला.

“काका,” थोड्या वेळाने तो म्हणाला, “दोनदा छातीवर हात नेलाव. काय व्हतंय?”

“काही नाही.”

“काय नाय तं मंग पंख्याखाली घाम कसला येतंय?”

एवढंच. पण गेल्या दोन महिन्यांत आनंदरावांचं ‘काही नाही’ कोणी परतवून लावलं नव्हतं. त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. जिना, नोटीस, सुधीरची सही, तीन नळ्या, बुधवार. नाथाने पाना खाली ठेवला आणि हात पुसत ऐकलं.

“पोराला ठाव हाय?”

“आज सांगतो.”

“आजच सांगा. मी चार वाजता फोन करनार हाय त्याला, कूलंटची लेव्हल इचाराला.”

मग काम झालं. थ्रॉटलच्या दोन नळ्या निघाल्या, एका तुकड्याने पाणी बाहेरच्या बाहेर जोडलं गेलं, नाथाने आतली हवा काढली. साकेतने इंजिन चालू करून थोड्या वेळाने त्या झडपेवर तळहात ठेवला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते पाहून आनंदरावांनी विचार केला, जाऊ दे, घरी पोचल्यावर सांगू. आत्ता नको. असा बाप असतो.

साकेतने तिथेच उभं राहून फोनवर ही बातमी टाकली. आता त्याच्या फोनमध्ये दोन ग्रुप होते. एक ‘टर्बो परिवार’, ज्यात कल्याण-ठाण्याचे त्याच्यासारखेच शहाणे होते. आणि दुसरा ‘कर्णिक परिवार’, ज्यात एकेचाळीस कर्णिक होते. घाईत परिवार चुकला. आणि गाडी चालवताना फोन मुका ठेवायची एकच चांगली सवय त्याला होती, तीही नेमकी आडवी आली. आनंदरावांचा फोन तर घरी चार्जिंगला होता.

कर्णिक परिवाराला दुपारी साडेबारा वाजता मिळालेला मजकूर असा:

‘बाबांना घेऊन सकाळी ठाण्याला आलेलो. शेवटी बायपास करून टाकली. दोन तास लागले. आधी इतकं तापायचं की हात ठेववत नव्हता, आता हात लावला तरी थंड!’

खाली हात जोडल्याचं चित्र. ते साकेतने नाथाचे आभार म्हणून टाकलं होतं. त्या चित्राने घात केला.

पहिल्या मिनिटात पुण्याच्या काकूंनी विचारलं, ‘थंड म्हणजे?’ दुसऱ्या मिनिटात नाशिकच्या आत्यांनी ‘ओम शांती’ लिहिलं. एकाने ओम शांती म्हटल्यावर मागे राहायला कोणाला आवडतं? दहा मिनिटांत अठ्ठावीस श्रद्धांजल्या झाल्या. एका चुलतभावाने आनंदरावांचा लग्नातला फोटो शोधून त्याच्याभोवती फुलांची चौकट काढली आणि खाली ‘एक हसतमुख व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलं. आनंदराव त्या फोटोत हसत नव्हते.

कल्याणहून धाकट्या भावाने, रवींद्रने, थेट सरोजताईंना फोन लावला. सरोजताई कोलंबी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो भावजी, कसलं काय? ती गाडीची हो, गाडीची!” रवींद्रने फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, “क्षिप्रा, आटप. वहिनींना धक्का बसलाय. नुसतं गाडी गाडी करतायत.”

अर्ध्या तासात कर्णिकांच्या हॉलमध्ये दहा माणसं जमली. वल्लरी प्रत्येकाला सांगून थकली, आणि प्रत्येक जण तिच्या पाठीवर हात फिरवून ‘धीर धर’ म्हणत होता.

इकडे आनंदराव जिना चढत होते. साकेत दोन-दोन पायऱ्या टाकत पुढे गेला. आनंदरावांनी दुसऱ्या मजल्यावर नोटीस वाचली, आज दोनदा वाचली, आणि मग दारात पोचले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आतून साकेतचा आवाज येत होता, “अरे, थ्रॉटल बॉडी! थ्रॉटल बॉडी!”

“बॉडी कुठे आहे?” कोणीतरी रडवेल्या सुरात विचारत होतं.

आनंदराव आत गेले. रवींद्र सोफ्यावरून उठला, पुढे आला, भावाचा दंड चाचपला आणि एकदम ओक्साबोक्शी रडला. क्षिप्राने पाठीमागे धरलेला पांढऱ्या फुलांचा हार पटकन पडद्यामागे ठेवला. मग पहिलं कोण हसलं ते कळलं नाही, पण पाच मिनिटांत घर हसून हसून पडायचं बाकी राहिलं. पुण्याच्या काकूंना व्हिडिओवर घेतलं. आनंदरावांना फुलांच्या चौकटीतला त्यांचा फोटो दाखवला. हार वाया जायला नको म्हणून साकेतने तो खाली जाऊन बॉनेटवर चढवला. सरोजताईंनी आणखी कोलंबी मागवली, आणि श्रद्धांजलीला आलेली माणसं जेवायला थांबली.

पंगत बसली. सगळे प्रसन्न होते आणि आनंदरावांकडे बघत होते. इतकी माणसं एकदम त्यांच्याकडे त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती. त्यांना वाटलं, यापेक्षा बरी वेळ येणार नाही.

“ऐका,” ते म्हणाले. “माझी बायपास ठरली आहे. बुधवारी.”

रवींद्रला ठसका लागला. क्षिप्राने डोळे पुसले. हॉल नुसता दणाणून गेला.

“दादा, तू म्हणजे कमाल!” रवींद्र म्हणाला. “एवढं होऊन वर विनोद!”

“बाबा, टर्बोची की थ्रॉटलची?” साकेतने विचारलं.

“किती घोडे वाढणार?” कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसू फुटलं. आनंदरावही हसले. सभ्य माणूस, चारचौघांत काय करणार? पण सांगतो तुम्हाला, हॉस्पिटलात अँजिओग्राफीच्या टेबलावर झोपताना त्यांना जेवढं एकटं वाटलं नव्हतं, तेवढं आपल्याच घरी कोलंबीच्या वासात वाटलं. त्यांना भूक राहिली नव्हती. ते भात चिवडत बसले.

जेवणं लांबली. चार वाजले. साकेतचा फोन वाजला. त्याचे दोन्ही हात कालवणाने माखलेले होते, म्हणून त्याने करंगळीने स्पीकर दाबला.

“साकेतभाव, लेव्हल बघितलीस?”

“बघितली रे नाथा. एकदम बरोबर. बायपास मस्त झालीय.”

“बरा झाला. नि काकांची बुधवारची नक्की ना?”

“काय नक्की?”

“बायपास.”

पंगतीत पुन्हा हास्याची लाट आली. “हा पण आपल्यातलाच निघाला!” रवींद्र ओरडला.

“हसताव कनाला?” नाथाचा आवाज स्पीकरवर चढला. “मी मस्करी नाय करत. तीन नल्या बंद हायत त्यांच्या. बुधवारी दाखल व्हाचाय नि उद्या तुजी सही लागते. सांगितला नाय काय त्यांनी तुला?”

रवींद्रचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, ते काढून कुठे ठेवावं त्याला कळेना. नाथा दोनदा हॅलो म्हणाला. मग त्याला काय समजायचं ते समजलं असावं. त्याने फोन ठेवला.

आनंदराव उठले. कपाटात रद्दीखाली ठेवलेली फाइल त्यांनी आणली आणि ताटाशेजारी ठेवली. वल्लरीने ती उघडली, वाचली आणि मिटली.

“कधीपासून?” सरोजताईंनी विचारलं.

“पंधरा दिवस.”

“पंधरा दिवस.” त्यांचा आवाज कापत होता आणि त्या चिडल्याही होत्या. “पंधरा दिवस मला, पोटच्या पोराला सांगितलं नाहीत. आणि त्या गॅरेजवाल्याला पहिल्या भेटीत सांगितलंत?”

आनंदरावांकडे कारणं पुष्कळ होती. गुरुवारचा फ्रीज होता, भिवंडीचे ट्रक होते, मघाचे घोडे होते. एकेक काढून दाखवता आलं असतं. पण त्यांना कोणाला लाजवायचं नव्हतं.

“त्याने विचारलं,” ते म्हणाले.

साकेत उठला. हात धुवायचं त्याला सुचलं नाही. तो तसाच येऊन बापाशेजारी फरशीवर बसला आणि त्याने त्यांचा हात हातात घेतला. हात थंडगार होता. आता हा फोन काढून काहीतरी शोधणार, असं सगळ्यांनाच वाटलं असावं. त्याने फोन उचलला नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “काय होतं नक्की? कुठे दुखतं?”

आनंदराव सांगू लागले, अगदी पहिल्या दिवशीच्या जिन्यापासून. मध्ये कोणी बोललं नाही.